मुठीवर चाललेलं अन्नछत्र

गेल्या महिन्यात आमच्या भजनी मंडळाची बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली. विषय एकच होता. सरकारी रुग्णालयात दाखल असलेल्यांच्या नातेवाइकांना आपण रोज रात्री जे जेवण देतो, ते यंदा चालू ठेवायचं की थांबवायचं? कारखान्यांत ओव्हरटाइम बंद, कांद्याला भाव नाही, देणग्या आटल्या, असं प्रत्येक जण आपापल्या परीने सांगत होता. एक तरुण तावातावाने म्हणाला, "हे काम सरकारचं आहे. तुम्ही करता म्हणून सरकार हात झटकतं." आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "अन्नदान हे धर्माचं काम, देवाच्या दारी हिशेब मांडायचा नसतो." मधल्या बऱ्याच जणांना तिसरीच वाट सोयीची वाटत होती: एक बांधकाम व्यावसायिक वर्षभराचा सगळा खर्च उचलायला तयार आहे, त्याच्या नावाचा फलक लावायचा आणि आपण मोकळं व्हायचं.

मी या मंडळाची वही लिहिते. बँकेतली नोकरी संपली तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. तो वाद नंतर देवळाच्या ओट्यावर, कॉलनीत, अगदी एका लग्नाच्या पंगतीतही ऐकला आणि दर वेळी वाटलं, की आपण चुकीच्या जागी भांडतोय. धर्म की सरकार, भक्ती की हिशेब, घर की परमार्थ अशा जोड्या लावल्या की आवाज चढतो, पण कोठीतलं तेल किती दिवस पुरेल हे कुणी विचारत नाही. म्हणून माझं मत आधीच सांगते. चणचणीच्या दिवसांत धर्मादाय काम उभं राहतं ते स्वतः ओढाताणीत असलेल्या घरांच्या नेमावर. हा नेम मोडला तर पुढच्या तेजीतही ते काम परत उभं राहत नाही. म्हणूनच वाईट वर्षी हे काम बंद करणं जितकं चूक, तितकंच ते एका मोठ्या हाताच्या हवाली करणंही चूक. आणि अशा संस्थेला विचारण्याजोगे खरे प्रश्न दोनच आहेत: तिचं दार कुणाकुणाला उघडं आहे, आणि तिची वही कुणाला बघता येते?

आधी आमच्याकडे जेवायला कोण येतं ते सांगायला हवं, कारण वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांनी ती रांग पाहिलेलीच नाही. सुरगाणा, पेठ, हरसूल, त्र्यंबक, इगतपुरीकडून अडलेल्या बाळंतिणी, सर्पदंश झालेले, झाडावरून पडलेले, तापाने फणफणलेली मुलं नाशिकला पाठवली जातात. सोबत एक-दोन माणसं असतात. रुग्णाला वॉर्डात जेवण मिळतं, सोबतच्याला मिळत नाही. घरून निघताना एसटीच्या भाड्यापुरते आणि वर थोडेसे पैसे कनवटीला बांधलेले असतात. दोन दिवसांचा मुक्काम आठ दिवसांवर गेला की पहिली काटछाट होते ती सोबत आलेल्या माणसाच्या जेवणात. बाई चहा-बिस्किटावर दिवस काढते आणि विचारलं तर म्हणते, भूक नाही. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू केली, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. टाळेबंदीत ती ५ रुपयांवर आणली. त्या थाळीने किती जणांची दुपार निभावली ते मी पाहिलंय. पण ती दुपारच्या ठरावीक तासांपुरती आखलेली होती. रात्र उरतेच. आम्ही साठ-सत्तर जणांना वाढतो ते रात्रीचं जेवण: वरण-भात, एक भाजी, आणि गुरुवारी बाजरीची भाकरी.

आता वहीकडे येते. डाव्या पानावर पैसे, उजव्या पानावर वस्तू, अशी आमची साधी पद्धत. बरे दिवस असतात तेव्हा डावं पान भरगच्च असतं. कुणाच्या मुलीच्या लग्नानिमित्त, कुणाच्या वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त, कुणाला बोनस झाला म्हणून. यंदा डावं पान विरळ झालंय, हे खरंच आहे. बैठकीत सगळ्यांनी तेवढंच पाहिलं. उजवं पान मात्र कुणी उलटून बघितलं नाही. त्या पानावर यंदा ओळी वाढल्या आहेत. 'तांदूळ दीड किलो, इस्त्रीवाले.' 'तेल अर्धा लिटर.' 'मेथी आठ जुड्या, संध्याकाळी उरलेली, भाजीवाल्या मावशी.' 'भाकऱ्या थापायला दोघी, चार गुरुवार.' 'तूरडाळ पाव किलो, नाव नको.' एका घराने गेल्या वर्षी पाचशे रुपयांची पावती फाडली होती. यंदा नवऱ्याचं काम सुटलं, तर त्या बाई पैशांऐवजी स्वतः येतात आणि मोठं पातेलं घासून जातात. पातेल्याची नोंद कशी करायची, हे मला बँकेत कुणी शिकवलं नव्हतं. मी लिहिते, 'हात, एक तास.'

या उजव्या पानाचा कणा म्हणजे मुठीचा डबा. मंडळाशी जोडलेल्या घरांत एक स्टीलचा डबा असतो. कुकर लावण्यापूर्वी धुवायला घेतलेल्या तांदळातली एक मूठ त्यात जाते, मगच बाकीचे धुतले जातात. महिनाअखेरीस डबा कोठीत रिकामा होतो. ही काही आमच्या मंडळाची युक्ती नव्हे. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाच मुष्टिफंड उभा केला होता. घरची बाई जात्यावर बसताना एक मूठ बाजूला काढायची आणि त्यावर कुणाचं तरी पोरगं शिकायचं. आमच्या नाशिकमध्ये १९१४ साली उदाजी मराठा बोर्डिंग उभं राहिलं, ते काही सुगीच्या काळात नव्हे. महायुद्ध, मग साथी, मग महागाई असे ते दिवस. तरी खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी बहुजनांच्या मुलांच्या शिक्षणाचा गाडा ओढलाच.

असं का होतं, याचा विचार व्हायला हवा, नाहीतर 'आपले लोक किती उदार' एवढं म्हणून आपण डोळे पुसणार. कारण अगदी व्यवहारी आहे. मोठी देणगी शिलकीतून येते, मूठ मात्र रोजच्या स्वयंपाकातून येते. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. तरतूद उत्तमच आहे. पण तिचा पाया नफा आहे, म्हणजे मंदीत सगळ्यांनाच गरज वाढते तेव्हा हा ओघ आटायला लागतो. घरात जोवर चूल पेटते तोवर मूठ बाजूला निघू शकते, कारण ती कमाईच्या प्रमाणात ठरलेली नाही, जेवणाच्या प्रमाणात ठरलेली आहे. आणखीही एक गोष्ट आहे. ज्याच्या घरी कधी रात्री पिठलं पुरवून पुरवून वाढलं गेलंय, त्याला रुग्णालयाच्या पायरीवर बसलेल्या माणसाची भूक समजावून सांगावी लागत नाही.

कांद्याचंच बघा. नाशिक जिल्ह्यात मंदी म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या आकड्यांआधी लासलगावच्या लिलावात कळतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव असे कोसळले, की सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा धनादेश पडला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता उरलेले २ रुपये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. असे भाव पडले, की आमच्या कोठीच्या दारात कांद्याच्या गोण्या येऊन पडतात. निफाडकडचा एक शेतकरी एकदा तीन गोण्या उतरवून म्हणाला, "ताई, मार्केटला नेला तर खिशातून भाडं भरावं लागंल. तुमच्याकडं निदान कुणाच्या पोटात जाईल." त्या माणसाचं कर्ज फिटलेलं नव्हतं. त्याने फेकून द्यायची वेळ आलेला माल दिला, असं कुणी म्हणेल. पण पंचवीस किलोमीटर टेम्पो चालवून, डिझेल स्वतःचं घालून, गोण्या स्वतःच्या खांद्यावरून उतरवून कुणी कचरा टाकायला येतं का? त्या आठवड्यात आमच्याकडे कांदा मुबलक होता आणि तेल संपलं होतं. मग इस्त्रीवाल्यांनी तेल आणलं. धान्यातली मूठ, शेतातली गोणी, दुकानातलं पाकीट, रिकामा झालेला एक तास हे सगळं एका पातेल्यात येतं. गाव करील ते राव काय करील, असं म्हणतात ते इथे रोज रात्री दिसतं.

हा गुण एका धर्माचा नाही, म्हणूनच ज्येष्ठांच्या 'आपल्या धर्माची थोरवी' या सुराशी माझं जुळत नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिक, सिन्नर ओलांडून पंढरीला जाते. सिन्नरच्या पूर्व भागात प्यायला टँकरचं पाणी असतं त्या उन्हाळ्यांनंतरही दिंडीच्या पंगती पडतात. मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट थंडावला, की गल्लीच्या गल्ली उधारीवर जगते. तिथेही ईदच्या नमाजाआधी घरातल्या माणशी ठरलेल्या मापाचा फित्रा बाजूला काढला जातो, तो गरिबालाही ईदचा दिवस सणासारखा जावा म्हणून. जकात हे वर्षाचं दान, ते शिलकीवर असतं. फित्रा घरातल्या माणसांच्या मापाने ठरतो. आमच्या मुठीची ती सख्खी बहीणच. मनमाडच्या गुरुद्वारात लंगरच्या पोळ्या लाटणाऱ्यांत कोण श्रीमंत, कोण गरीब, हे पिठाने माखलेल्या हातांवरून ओळखता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यातल्या करंजीला हमरस्त्यावर खैरा बाबांनी लंगर चालवला आणि चालत निघालेल्या लाखोंना जेवू घातलं. आमच्याकडे मुंबई-आग्रा महामार्गावर तेच चालू होतं. विल्होळी, पाथर्डी फाटा, आडगाव अशा टप्प्यांवर माणसं पातेली घेऊन उभी होती. १ मे २०२० च्या रात्री नाशिकरोडहून भोपाळसाठी मजुरांची पहिली रेल्वे सुटली, तोवरचे पाच आठवडे या माणसांना कुणी जगवलं? त्या पातेल्यांमागे ज्यांचा स्वतःचा पगार थांबला होता अशी कितीतरी घरं होती.

आता त्या तरुणाचं म्हणणं. ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात तथ्य आहे. भुकेला अन्न मिळणं हा हक्क आहे, कुणाच्या मेहेरबानीचा विषय नाही. दानावर सवय लागली की हक्काची भाषा बोथट होते. सरकारी रुग्णालयातल्या रुग्णासोबतच्या माणसाची सोय का नाही, हा प्रश्न आमच्या पंगतीमुळे दबला जात असेल, तर आमच्या हातून पापच घडतंय. हे सगळं मान्य करूनही विचारावंसं वाटतं: मागणी मंजूर होईपर्यंत त्या बाईने रात्री काय खायचं? आणि जेवू घालणारा माणूस हक्काची मागणी सोडून देतो, असा अनुभव आहे का? १८७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी सत्यशोधक मंडळींच्या मदतीने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला, उपाशी मुलांना जेवू घातलं, त्यासाठी लोकांकडे मदत मागितली. म्हणून काय जोतीराव गप्प बसले? पाचच वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे त्यांनी सरकारला सरळ विचारलं, की रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का उधळता. दुसरं उदाहरण तर आपल्याच शहरातून निघालेलं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांतले बरेचसे आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेले. मुंबईकरांनी वाटेत त्यांना पाणी दिलं, जेवण दिलं, पाय फुटलेल्यांना चपला दिल्या. त्या चपलांमुळे वनजमिनीची मागणी सौम्य झाली का? उलट त्या चपला घालूनच ते आझाद मैदानापर्यंत पोचले आणि १२ मार्चला सरकारकडून लेखी आश्वासन घेऊन उठले. १९७२ च्या दुष्काळातही गावोगाव अन्नछत्रं होती. तरीही कामाचा हक्क मागितला गेला, मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, आणि त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

माझा तर उलट अनुभव आहे. वाढणाऱ्यालाच आधी कळतं, की भूक कुठून येतेय. आम्ही जेवायला आलेल्यांना नाव विचारत नाही, फक्त तालुका विचारतो आणि किती दिवस झाले ते विचारतो. त्या नोंदींवरून आमच्या लक्षात आलं, की पाच-पाच, सात-सात दिवस मुक्काम पडणाऱ्यांत बाळंतिणींसोबतच्या बायका सगळ्यांत जास्त आहेत आणि त्यांना रात्री झोपायला छप्पर नाही. ते आम्ही तारीखवार लिहून संबंधितांना अर्ज दिला. दोनदा दिला. अजून उत्तर आलेलं नाही. तिसरा अर्ज त्या तरुणाने लिहावा, असं मी त्याला बैठकीतच सांगितलं. त्याच्याकडे हक्काची भाषा आहे, आमच्याकडे वही आहे. त्याला पंगत बंद करायची घाई आहे, ती मला समजते. पण पंगत बंद झाली तर वहीही बंद होईल, आणि मग अर्जात काय लिहिणार?

दुसरा आक्षेप बैठकीत कुणी काढलाच नाही. तो न निघणं हेच मला जास्त लागलं. धर्माच्या नावाने चालणाऱ्या मदतीवर सगळ्यांनी का विश्वास ठेवावा? हे नाशिक आहे. २ मार्च १९३० ला याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष काळाराम मंदिराच्या दाराशी उभे राहिले आणि दार उघडलं नाही. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षानुवर्षं तो लढा चालवला, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड खाल्ले. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं, की मी हिंदू म्हणून मरणार नाही. हा इतिहास ज्यांच्या घरात आजी-आजोबांच्या तोंडून आला, त्यांनी देवळाच्या पंगतीकडे संशयाने पाहिलं तर त्यांचं चुकतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? अटी घालणारी मदत इतरही धर्मांत आहे. आपल्या शरणपूरचं नाव पाहा. १८५४ च्या सुमारास तिथे मिशनची वसाहत उभी राहिली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहिली, शिकली, सुतारकी-लोहारकी शिकून उभी राहिली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी संशोधक लिव्हिंगस्टन याचा मृतदेह तिथल्या जंगलांतून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत असलेला आणि पुढे १८७४ मध्ये शवपेटीसोबत इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट याच नाशिकच्या शाळेतला. किती मोठं काम! पण त्या आसऱ्याबरोबर धर्म बदलण्याची अपेक्षाही होती, हे झाकायचं कशाला?

म्हणून दार हा माझ्यासाठी पहिला प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तरही आपल्याच मातीत आहे. गाडगेबाबांनी देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या. नाशिकला गोदाकाठी बांधली, आळंदीला, देहूला, पंढरपूरला बांधली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्या माणसाने हातात खराटा घेऊन आधी गाव झाडलं आणि मग भाकरीचा तुकडा मागितला, त्याच्या सांगण्यावरून लोकांनी पै-पैसा दिला, कारण तो पैसा कुणाच्या जातीशी अडत नव्हता आणि बाबांच्या घरच्यांच्या पदरातही पडत नव्हता. आमच्या रांगेत जात विचारली जात नाही, धर्म विचारला जात नाही. जेवणाआधी श्लोक म्हणायची सक्ती होती, ती आम्ही चार वर्षांपूर्वी काढली. त्यावरून दोघे मंडळ सोडून गेले. ते दोघे चांगली माणसं होती, त्यांचं जाणं मला आजही टोचतं. पण ज्याचं मूल आत सलाईनवर आहे, त्याच्याकडून ताटाच्या बदल्यात काहीही मागायचं नाही, यावर मी ठाम आहे.

राहिला ज्येष्ठांचा मुद्दा, देवाच्या दारी हिशेब नसतो हा. त्यामागची भावना निर्मळ आहे. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, हे देणाऱ्याने पाळावं. घेणाऱ्या संस्थेला तो नियम लागू कसा होईल? ज्या घरातून मूठ येते त्या घरात मुठीला किंमत आहे. कापडाच्या दुकानात उभं राहून दहा हजार मिळवणाऱ्या मुलीने पन्नास रुपये दिले असतील, तर त्या पन्नास रुपयांचं काय झालं हे तिला बसून नीट दिसायला हवं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० ने हिशेब ठेवणं, तो तपासून घेणं बंधनकारक केलंय ते उगाच नाही. धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या असतात. पण ही गोष्ट आमच्या रांगेतल्या किती जणांना माहीत असते? मोठ्या संस्थांनी वही झाकली की बदनामी छोट्यांच्याही वाट्याला येते. सवलतींचीही एक गंमत नाही, खंतच आहे. धार्मिक संस्थांच्या मोफत जेवणाच्या जिन्नसांवरचा केंद्राचा जीएसटी परत देणारी सेवा भोज योजना २०१८ मध्ये आली, तिची अट महिन्याला किमान ५,००० माणसं जेवू घालण्याची. आमची महिन्याची पंगत दोन हजारांच्या आसपास. म्हणजे मोठ्या लंगराला, मोठ्या संस्थानाला परतावा आणि मुठीवर चालणाऱ्याने तेलाच्या पाकिटावरचा कर पूर्ण भरायचा. या प्रश्नावर धर्माचा अभिमान सांगणारे कधी बोलताना दिसत नाहीत.

आणि शेवटी तो फलक. इथेही समोरच्या बाजूचं बळ मी नाकारत नाही. उजव्या पानाने सगळं भागत नाही. गॅसच्या टाकीला रोख पैसे लागतात, टेम्पोला लागतात, आचाऱ्याला महिन्याला पगार लागतो. उपाशी माणूस ताटावर कुणाचं नाव आहे ते वाचत नाही. मग एका माणसाने सगळं उचललं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते दुसऱ्या वर्षी. टाळेबंदीआधी आमचा सगळा तांदूळ एकाच व्यापाऱ्याकडून यायचा. आम्ही निर्धास्त होतो, मुठीचे डबे घरोघर अडगळीत गेले होते. त्याचा धंदा अडचणीत आला आणि एका सोमवारी तांदूळ आला नाही. त्याचा दोष नव्हता. दोष आमचा होता, की आम्ही शंभराहून जास्त घरांना 'आता तुमची गरज नाही' असं न बोलता सांगून टाकलं होतं. डबे परत फिरवायला आम्हाला सात महिने लागले. बायका म्हणायच्या, तेव्हा तुम्हीच बंद केलं होतं ना? सिंहस्थात गोदाकाठी भंडाऱ्यांना तोटा नसतो, तेव्हा देणाऱ्यांचीही रांग लागते. पर्वणी उलटल्यावर, एखाद्या पावसाळी मंगळवारी रात्री कोण उभं असतं, ते मी वहीत बघते. तिथे तीच इस्त्रीवाल्याची, भाजीवाल्या मावशींची, पातेलं घासणाऱ्या बाईंची ओळ असते.

त्या ओळींत गेल्या पौषात एक नवी ओळ आली. पेठकडची एक बाई नातवंडाला घेऊन अकरा दिवस आमच्या रांगेत जेवली होती. मूल बरं होऊन ते गेले. महिन्याभराने तपासणीला आली तेव्हा पिशवीत दोन किलो नागलीचं पीठ घेऊन आली. मी म्हटलं, "आजी, कशाला? तुमच्या घरी लागेल." ती म्हणाली, "तुमच्याकडं भाकर बाजरीची असते. आमच्याकडच्या बायांना नागली लागते." तिला आभार मानायचे नव्हते, तिला आमच्या स्वयंपाकातली चूक सुधारायची होती. तेव्हापासून गुरुवारी थोड्या भाकऱ्या नागलीच्या होतात आणि त्या आधी संपतात. वर्षभराचा खर्च एका फलकाखाली गेला असता, तर ही सूचना तिने कुणाला केली असती?

येत्या रविवारी बैठक पुन्हा आहे. मी तीन गोष्टी मांडणार आहे. बांधकाम व्यावसायिकांना पत्र लिहावं, की गॅस आणि टेम्पोचा खर्च त्यांनी जरूर द्यावा, पावती मिळेल, फलक लागणार नाही, आणि कुणाही एकाकडून वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घ्यायचं नाही असा आमचा नियम राहील. वही दर शनिवारी वाढायच्या टेबलाशेजारी, कुणालाही हाताळता येईल अशी उघडी ठेवावी. आणि तिसरा अर्ज त्या तरुणाच्या सहीने जावा. ज्येष्ठांनी वहीला अजून होकार दिलेला नाही, मी त्यांच्याकडे उद्या सकाळी जाऊन येणार आहे. आज कोठीत पाहिलं तर तांदूळ तीन आठवड्यांचा आहे, कांदा भरपूर आहे, तेल नऊ दिवसांचं आहे.